शुक्रवा‍रपर्यंत म्हणजे नक्की काय रे बाबा

डोकं फिरलंय आज. इंग्रजीतलं इन, ऑन, ॲट, बाय, टिल हे ज्याने कुणी काढलं ना त्याला एकदा समोर बसवून विचारायचंय, तुला सुखाने झोप लागते का रे?

झालं काय, सकाळी मेल टाकला, 'आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे'. बास. कॉलवर सगळ्यांसमोर मॅनेजर म्हणतो, का रे, शुक्रवारपर्यंत रोज एक पाठवत बसणार का? सगळे फिदीफिदी. 'बाय फ्रायडे' पाहिजे होतं म्हणे. अरे पण तू स्वतःच आत्ता शुक्रवारपर्यंत म्हणालास ना! आपल्याकडे काम शुक्रवारपर्यंत संपवा नाहीतर शुक्रवारपर्यंत करत बसा, पर्यंत ते पर्यंतच, कुणाचं काही अडत नाही.

आणि वेळेचं तर बोलूच नका. सकाळी, रात्री, सोमवारी, एक ई लावला की विषय संपला, शाळेत सप्तमीचे त ई आ पाठ केले ते अजून पुरतायत. यांचं मात्र इन द मॉर्निंग, पण ॲट नाईट, आणि तीच मॉर्निंग सोमवारची असली की ऑन मंडे मॉर्निंग. का? सोमवार आला म्हणून सकाळ बदलली?

गाडीत बसलो तर इन द कार, बसमध्ये बसलो तर ऑन द बस, म्हणजे काय टपावर बसलोय का मी. एकाने समजावलं, ज्यात उभं राहून चालता येतं ते ऑन. बरं, मग डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकड आणि चालून दाखव, खिशातला मोबाईल काढता येत नाही तिथे!! तरी ऑन द ट्रेनच.

लग्न तिच्याशी होतं, तर 'मॅरीड विथ' लिहिलं की चूक, 'टू' पाहिजे. बरं 'डिस्कशन अबाउट' चालतं पण 'डिस्कस अबाउट' म्हटलं की लोक नाक मुरडतात. आणि गंमत म्हणजे यांचं यांच्यातच जमत नाही, ब्रिटिश म्हणणार ॲट द वीकेंड, अमेरिकन ऑन द वीकेंड, त्यांना कोण हसत नाही, हसायला आम्ही आहोतच.

आता बहिणीच्या लग्नाच्या रजेचा मेल अर्धा तास उघडा पडलाय. 'ऑन लीव्ह टिल ट्वेंटीएथ' लिहिलं तर वीस तारखेला कामावर यायचं की नाही? जाऊ दे, फोनच करतो त्याला. मराठीत.