डच पगारवाढीतला निम्मा वाटा

नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्या दोघांना, मग ते मूळचे डच असोत वा आपल्याकडून तिकडे गेलेले, पगारातून कर किती जातो असे विचारले, तर एक जण ‘निम्मा’ म्हणतो आणि दुसरा ‘पाव हिस्सासुद्धा नाही’ म्हणतो. दोघांचा पगार अगदी सारखा असला तरी दोघेही खरे बोलत असू शकतात. मात्र पगारपत्रकावरून यांतला एकही आकडा सहज कळत नाही, आणि डच करपद्धतीबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे.

खालचे सगळे आकडे 2025 या वर्षाचे आहेत. पगारावरच्या कराचे तीन टप्पे आहेत: 38,441 युरोंपर्यंत 35.82 टक्के, तिथून 76,817 पर्यंत 37.48 टक्के आणि त्यापुढे 49.5 टक्के. पहिल्या टप्प्यातल्या 35.82 टक्क्यांपैकी खरा प्राप्तिकर केवळ 8.17 टक्के असून उरलेले 27.65 टक्के हा सामाजिक विम्याचा हप्ता आहे, त्यातले 17.9 टक्के वृद्धापकाळाच्या सरकारी निवृत्तिवेतनासाठी, म्हणजे एओडब्ल्यूसाठी जातात, 9.65 टक्के दीर्घकालीन शुश्रूषेसाठी आणि 0.1 टक्का मृताच्या वारसांसाठी. विमाधारक म्हणून त्या देशात काढलेल्या प्रत्येक वर्षामागे एओडब्ल्यूचा 2 टक्के हक्क जमा होत असल्यामुळे या संपूर्ण कपातीला ‘कर’ म्हणून सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही.

एवढे टप्पे पाहून हिशेब समजला असे वाटते, पण खरी कलाकारी पुढेच आहे. आलेल्या करातून दोन सवलती वजा होतात: सर्वांना मिळणारी ‘आल्खेमेने हेफिंग्सकोर्टिंग’, जी जास्तीत जास्त 3,068 युरो असते, आणि काम करणाऱ्यांना मिळणारी ‘आर्बाइट्सकोर्टिंग’, जी जास्तीत जास्त 5,599 युरो असते. पहिली सवलत उत्पन्न 28,406 युरोंच्या वर गेले की प्रत्येक जादा युरोमागे 6.337 सेंटने घटते आणि 76,817 ला शून्यावर येते. दुसरी 43,071 च्या पुढे 6.51 सेंटने घटू लागते. सवलत कमी होणे म्हणजेच कर वाढणे, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. तरीही ही वाढ कोणत्याही टप्प्याच्या दरात दिसत नाही.

उदाहरणादाखल, निवृत्तिनिधीची कपात वजा जाता वर्षाला 50,000 युरो करपात्र पगार असलेला कर्मचारी घेऊ. टप्प्यांप्रमाणे कर 18,102 युरो होतो, दोन्ही सवलती मिळून 6,848 युरो वजा होतात, आणि प्रत्यक्ष कपात 11,254 युरोंची, म्हणजे साडेबावीस टक्क्यांची ठरते. पाव हिस्सासुद्धा नाही म्हणणारा इथे बरोबर ठरला. आता याच माणसाला वर्षाला 5,000 युरोंची पगारवाढ मिळाली असे समजा. 37.48 टक्के कर, त्यात दोन्ही सवलतींची घट, असे मिळून 50.33 टक्के जातात आणि हातात पडतात साधारण 2,484 युरो. निम्मा जातो म्हणणारासुद्धा बरोबर ठरला. 76,817 च्या वर तर 49.5 मध्ये 6.51 मिळवून हा दर 56.01 टक्क्यांवर पोहोचतो आणि आर्बाइट्सकोर्टिंग पूर्ण संपेपर्यंत, म्हणजे सुमारे 1,29,000 युरोंपर्यंत, तिथेच राहतो. कागदोपत्री सर्वोच्च दर 49.5 टक्के असलेल्या देशात ही गोष्ट मला काहीशी लबाडीची वाटते.

2001 च्या प्राप्तिकर कायद्याने पूर्वीची करमुक्त रक्कम काढून तिच्या जागी या सवलती आणल्या. त्या वेळी सर्वांना मिळणारी सवलत उत्पन्नानुसार घटत नव्हती. ती घटवण्यास 2014 मध्ये सुरुवात झाली. 2001 मध्ये 52 टक्के असलेला सर्वोच्च दर 2020 पासून 49.5 टक्के झाला, हे राजकारण्यांना सांगता येते. मधल्या उत्पन्नाच्या लोकांकडून सवलत हळूहळू काढून घेतली, हे कोणी प्रचारात सांगत नाही. श्रीमंतांनी अधिक द्यावे, याला माझी हरकत नाही. मात्र तसे करायचे तर दर उघडपणे वाढवावा.

याचा परिणाम कामाच्या दिवसांवरही होतो. वरच्याच माणसाने पाचाऐवजी चार दिवस काम करायचे ठरवले आणि पगार 40,000 वर आला, तर ढोबळ, म्हणजे कर कापण्याआधीचा, पगार 20 टक्क्यांनी घटतो, पण हातातली रक्कम 38,746 वरून साधारण 33,510 वर, म्हणजे साडेतेरा टक्क्यांनीच घटते. डच सहकारी पगारवाढीऐवजी शुक्रवारची सुट्टी का मागतात, याचे सगळे नव्हे तरी बरेचसे उत्तर या हिशेबात आहे. एकीकडे माणसे मिळत नाहीत अशी ओरड करायची आणि दुसरीकडे पाचव्या दिवसाच्या कमाईतला जवळपास निम्मा वाटा काढून घ्यायचा, यात सरकारला विसंगती दिसू नये, याचे आश्चर्य वाटते.

साधारणपणे मे महिन्यात मिळणाऱ्या 8 टक्के सुट्टीभत्त्यावर जास्त कर लागतो, हा समजही याच गोंधळातून आला आहे. महिन्याच्या पगारात सवलती आधीच वापरून झालेल्या असल्यामुळे भत्त्याला थेट वरचा दर लावला जातो, एवढेच. वार्षिक विवरणपत्रात त्याची गणना इतर पगाराबरोबरच होते. दोन नोकऱ्या करणाऱ्यांनी मात्र सवलत एकाच ठिकाणी लावून घ्यावी, नाहीतर पुढच्या वर्षी भरणा करावा लागतो.

भारतातून जाणाऱ्यांनी सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च सांगण्याच्या, सवयीने डच ऑफर वाचू नये. तिथला ढोबळ पगार बहुधा महिन्याचा आणि सुट्टीभत्ता सोडून सांगतात. आरोग्य विम्यापोटी मालकाने भरायचा 6.51 टक्के हिस्सा त्याच्या बाहेर असतो. आणि स्वतःच्या विम्याचा महिन्याला दीडशेच्या वर जाणारा हप्ता मात्र हातात आलेल्या पगारातूनच भरावा लागतो.

आम्स्टलवेन आणि आइंडहोवनच्या मराठी घरांत सर्वाधिक चर्चा होते ती परदेशातून आणलेल्या कर्मचाऱ्यांना पाच वर्षांपर्यंत मिळणाऱ्या 30 टक्के सवलतीची. 70,000 युरो पगार असेल तर 21,000 करमुक्त राहतात आणि कर 49,000 वर लागतो. शिवाय करपात्र रक्कम खाली आल्यामुळे वरच्या दोन्ही सवलतीही बऱ्याच अंशी परत मिळतात. हातात साधारण 59,250 युरो पडतात. सवलत संपली की हेच 48,680 होतात, म्हणजे महिन्याला सुमारे 880 युरोंचा खड्डा पडतो. 2027 पासून हे प्रमाण 27 टक्क्यांवर येणार आहे. त्या भागात घर घेणाऱ्यांनी कर्जाचा हप्ता ठरवताना 48,680 हाच आकडा धरावा, असे माझे ठाम मत आहे.