पोकलेन, डिझेल आणि साइटवरचा मीटर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘कामाच्या गाड्यांतलं इंजिन जाणार’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोन ओळींत उत्तर देऊन संपवावी अशी नव्हती, म्हणून वेगळं लिहितोय. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. पनवेलला तुमचे दोन पोकलेन भाड्याने चालतात आणि एक लोडर तळोज्याच्या एका रेडीमिक्स काँक्रीटच्या प्लांटवर महिन्याच्या बोलीवर आहे. तुम्ही लिहिलंत, “स्कूटर वेगळी आणि पोकलेन वेगळा. दगडात ब्रेकर (दगड फोडायचा हातोडा) लावून दहा तास मशीन चालवून दाखवा. साइटवर मीटर नसतो, जनरेटर लावून बॅटरी चार्ज करणार का? पावसात चिखलात काय होणार? मुरबाडला जाऊन चिखलणीच्या दिवसांत शेतकऱ्याला विचारा. आणि एवढ्या महाग मशीनचे हप्ते कोण भरणार?”

सगळ्यात जड प्रश्न पहिला घेतो. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. पोकलेनचं इंजिन त्यातली फार तर तिसरा हिस्सा कामाला लावतं, बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जाते. डंपरची वाट बघत मशीन नुसतं चालू असतं तेव्हाचं डिझेल आणखी वेगळं. हे सगळं धरलं की बॅटरीतली सुमारे ३ युनिटं एका लिटरचं काम करतात. वीस टनी पोकलेन मध्यम कामाला तासाला १२ ते १५ लिटर घेतो, हे तुम्ही रोज बघता. दहा तासांचे १२० ते १५० लिटर, म्हणजे ३६० ते ४५० युनिट. व्होल्वोचं ‘ईसी२३० इलेक्ट्रिक’ हे याच वर्गातलं मशीन आहे आणि त्याची बॅटरी २६४ युनिटांची. हलक्या मातीकामात ती दिवस काढू शकते, पण ब्रेकर लावला तर दुपारच्या जेवणाच्या आसपास संपेल. दगडात दहा तास एका चार्जवर आज होत नाही. या मुद्द्यावर तुमच्या-माझ्यात वादच नाही.

बॅटरीच्या वजनाचा धसका मात्र घ्यायचं कारण नाही. ४५० युनिटांची बॅटरी तीनेक टनांच्या घरात जाते. ट्रकमध्ये तेवढा माल कमी बसतो, म्हणून ट्रकवाल्याला ते वजन टोचतं. पोकलेनच्या मागे आपण काही टनांचं काउंटरवेट मुद्दाम टांगतोच. भिवंडीच्या गोदामांत बॅटरीवरच्या फोर्कलिफ्ट टिकल्या त्याचं एक कारण हेच आहे. तिथे लेड-ॲसिड बॅटरीचं वजनच मागचा तोल सांभाळतं.

माझं मुख्य म्हणणं बॅटरीबद्दल नाहीच. घोडबंदर रोडने कासारवडवलीपर्यंत या आणि वर बघा. टॉवर क्रेन जेवढ्या दिसतील त्या विजेवर. माणसं आणि माल चढवणाऱ्या होइस्ट विजेवर. तुमच्याकडच्या खदानींत दगड फोडणारे क्रशर बहुतेक मोटरवर. ठाणे-बोरिवली जोडबोगद्यासारख्या कामात डोंगर पोखरणारं टीबीएम, म्हणजे बोगदा खोदणारं मशीन, पूर्ण विजेवर चालतं, आणि त्या कामापेक्षा जड काम कुठलं असणार? सिंगरौलीच्या कोळसा खाणींतल्या ड्रॅगलाइन (दोराने बादली ओढून खोदणारी अवाढव्य मशीन) आणि मोठी शॉवेल मशीन जमिनीवरून ओढत नेलेल्या जाड केबलवर कित्येक दशकं चालताहेत. ताकदीचा प्रश्न असता तर हे काहीच चाललं नसतं. मोटर शून्य वेगावर पूर्ण पिळ (टॉर्क) देते. इंजिनाला तोच पिळ द्यायला आधी आरपीएम चढवावे लागतात. म्हणून तर खाणींतले बरेचसे अवाढव्य डंपर इंजिनाने नुसता जनरेटर फिरवतात आणि चाकं मोटरने ओढतात.

या सगळ्या मशीनना जोडणारी एकच गोष्ट आहे. त्यांच्यापर्यंत वायर पोहोचते. आपल्या रेल्वेचंही तेच झालं. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली ती डोक्यावर तार होती म्हणून. आज न्हावा-शेवाच्या बंदरात बघा. कंटेनर रचणाऱ्या रबर टायरच्या यार्ड क्रेन पूर्वी स्वतःच्या डिझेल जनरेटरवर चालायच्या, त्यांतल्या कित्येक आता थेट विजेवर आल्या आहेत. २०२५ मध्ये तिथे ५० इलेक्ट्रिक ट्रकांचा ताफा आला, तोही बॅटरी बदलून घेणारा. ट्रक चार्जिंगला तासभर उभा राहत नाही, रिकामी बॅटरी उतरवून भरलेली घेऊन निघतो. बंदराच्या आत ठरलेल्या वाटेवर, ठरलेल्या अंतरात फिरणाऱ्या गाडीला हे जमतं. आज पनवेल, उद्या पेण, परवा खोपोली अशा फिरणाऱ्या तुमच्या पोकलेनला जमणार नाही.

म्हणून तुमच्या प्रतिक्रियेतलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वाक्य म्हणजे ‘साइटवर मीटर नसतो’. मी वीजजोडण्यांच्याच कामातला माणूस आहे, त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहितो. मीटर नसतो हे खरं, पण तो कधी नसतो ते बघा. ठाण्यात एखादा टॉवर उभा राहताना आधी खोदाई होते, पायलिंग होतं, बेसमेंटचं पाणी उपसलं जातं. या काळात सगळं डिझेलवर. बिल्डरची तात्पुरती जोडणी टॉवर क्रेन लागायच्या सुमारास येते, कारण लोडचा अर्ज करताना हिशेब क्रेन, होइस्ट आणि वेल्डिंग मशीनचाच धरलेला असतो. मग ट्रान्सफॉर्मरची जागा, रस्ता खोदायची परवानगी, केबल टाकणं यात महिने जातात. जी वीज पाचव्या मजल्याच्या वेळी येते ती खोदाईच्या आधी आणणं अशक्य नाही. अर्ज लवकर करावा लागेल आणि लोड जास्त मागावा लागेल, इतकंच. बेसमेंटच्या खड्ड्यात उतरलेला पोकलेन महिनोन्‌महिने शंभर मीटरच्या आत फिरत असतो. त्याला मोठी बॅटरीसुद्धा नको, केबल पुरते. भंगार आणि माल हाताळणारी केबलवरची मशीन जर्मनीची सेनेबोगेन वर्षानुवर्षं विकते आहे. चेनखाली केबल येऊ नये म्हणून ती वरून न्यावी लागते, रील लागतं, एक माणूस लक्ष ठेवायला लागतो. त्रास आहे, पण जमण्यातला आहे.

जनरेटर लावून बॅटरी भरायचा विचार सोडूनच द्यावा. डिझेलची वीज, विजेची बॅटरी, बॅटरीतून मोटर अशा प्रत्येक पायरीवर काही ना काही गळतं. जिथे वीज नाही तिथे चांगलं ट्यून केलेलं डिझेल मशीनच चालवावं.

खदानीबद्दल एक गोष्ट तुम्हाला आवडेल. स्वित्झर्लंडमध्ये एका सिमेंट कारखान्याच्या खाणीत कोमात्सुचा ६०५ डंपर इंजिन काढून बॅटरीवर केला आहे, बॅटरी सुमारे ६०० युनिटांची. तो रिकामा वर जातो आणि ६५ टन दगड भरून खाली येतो. उतरताना मोटर जनरेटर होते आणि गाडीला ब्रेक लावता लावता बॅटरी भरते, त्यामुळे बाहेरून फारच कमी वीज घ्यावी लागते. पनवेल-उरण पट्ट्यात जिथे खदान वर आणि क्रशर खाली आहे तिथे हे गणित तसंच लागू पडतं. खदान खोल खड्ड्यात गेली असेल तर मात्र उलटं होतं. भरलेला डंपर चढणार आणि बॅटरी रिकामी होणार.

पावसाचं भय मला कमी वाटतं. आयपी६७ दर्जाची बॅटरी मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी आत पाणी जाऊ नये अशी बांधलेली असते. आणि चिखलात विजेची केबल आपण आजही टाकतोच. बेसमेंटचे पंप जुलैमध्ये कशावर चालतात? धोका आहे तो कापलेल्या केबलचा, उघड्या जोडाचा, अर्थ-लीकेज ब्रेकर (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) न लावलेल्या पॅनेलचा. तिथे हयगय झाली तर माणूस जातो, आणि अशी हयगय मी पाहिली आहे. जास्त वीज साइटवर आणायची तर ही शिस्त आधी आणावी लागेल.

मुरबाडच्या शेतकऱ्याबाबत तुमचंच बरोबर आहे. सोनालिकाने २०२०च्या डिसेंबरमध्ये आणलेल्या ‘टायगर’ इलेक्ट्रिक ट्रॅक्टरची बॅटरी २५.५ युनिटांची. भातलावणीआधीच्या चिखलणीला ट्रॅक्टर तासाला चार-पाच लिटर घेतो, म्हणजे बॅटरी दोनेक तासांत संपायची. पाऊस लागला की सगळ्यांची चिखलणी एकदमच येते आणि त्याच दिवसांत गावचा फिडर (गावाला वीज देणारी लाइन) जातो. फवारणी, गवत, ट्रॉली या कामांना तो उपयोगी आहे, भाताच्या आवणासाठी आज नाही.

आता हप्ते. इथे मला एक गाठ दिसते, तिच्याबद्दल तुमचं मत हवं आहे. महिन्याच्या बोलीवर डिझेल पार्टीचं, म्हणजे मशीन भाड्याने घेणाऱ्याचं असतं. मशीन महाग तुम्ही घ्यायचं आणि डिझेल वाचणार पार्टीचं, तर तुम्ही ते का घ्यावं? बॅटरी कितीही स्वस्त झाली तरी ही गाठ भाड्याच्या करारातच सुटेल. सरकारी मदतीचंही तसंच. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत जुलै २०२५ पासून इलेक्ट्रिक ट्रकला जास्तीत जास्त ९.६ लाख रुपये मिळतात, पण पोकलेन आणि लोडर त्या यादीत नाहीत. दिवसभर एका जागी धूर सोडणारं मशीन यादीबाहेर ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच कर्करोगकारक ठरवलं आहे. तो धूर सगळ्यात आधी तुमच्या ऑपरेटरच्या आणि खड्ड्यात उतरलेल्या हेल्परच्या छातीत जातो, आणि मला या विषयाची तळमळ आहे ती त्यांच्यामुळे. कार्बनच्या बाजूने मोठा दावा मी करणार नाही. आपली वीज अजून बरीचशी कोळशाची आहे, युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. एका लिटरच्या कामाला चार्जिंगमधली गळती धरून ३.३ युनिटं लागतात, त्यांचे २.३ किलो, आणि लिटरभर डिझेलचे २.७. फरक आहे, पण बेताचा. खड्ड्यातला धूर मात्र पूर्ण थांबतो. १ जानेवारी २०२५ पासून नव्या डिझेल मशीनना धुराचे सीईव्ही-५ निकष लागू झाले, त्याने धूर पुष्कळ कमी होईल हेही खरं, पण रस्त्यावरची जुनी मशीन अजून वर्षानुवर्षं चालायची आहेत.

तेव्हा तुमच्या दोन्ही पोकलेनना हात लावू नका. तुमच्या तळोज्याच्या लोडरचा विचार आधी करा. तो खडी-वाळूच्या ढिगापासून हॉपरपर्यंत आणि परत, एवढाच फिरतो. काँक्रीट बनवणारा बॅचिंग प्लांट विजेवरच आहे, म्हणजे जोडणी दारात आहे. चीनमध्ये असे इलेक्ट्रिक लोडर हजारोंनी विकले जाताहेत ते अशाच कामांसाठी. दिवसाला ७० लिटर डिझेल धरू, लिटर ९० रुपये आणि युनिट १५ रुपये. ३.३ युनिटांचे ५० रुपये होतात, म्हणजे लिटरमागे ४० रुपये वाचले. दिवसाचे २,८०० आणि पंचवीस दिवसांचे ७० हजार. आज हे ७० हजार प्लांटवाल्याच्या खिशात जातील. भाडं वाढवून त्यातला मोठा वाटा तुमच्याकडे यायला हवा, तरच हप्ता झेपेल.

मी धरलेले आकडे तुमच्या लोडरचे नाहीत. तुम्ही अवर मीटरचे महिन्याचे तास, रोजचं डिझेल आणि प्लांटच्या वीजबिलावरची कॉन्ट्रॅक्ट डिमांड (मंजूर कमाल भार) एवढं कळवा. रात्री किंवा दुपारी प्लांट बंद असताना डिमांड किती मोकळी राहते आणि टीओडीप्रमाणे, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या दराने, त्या तासांना दर काय पडतो, ते बघून मी पूर्ण हिशेब इथेच मांडतो. आकडे इलेक्ट्रिक लोडरच्या विरोधात गेले तरी तसेच छापीन.