"गोळ्या आजच बंद करा"वाल्या मेसेजबद्दल

परत तो मेसेज आला, या वेळी सोसायटीच्या ग्रुपवर, आणि खाली अकरा जणांनी हात जोडलेत. मजकूर थोडक्यात असा: लंडनच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय की डिप्रेशनचा मेंदूतल्या केमिकलशी संबंध नाही, म्हणजे गोळ्या हा निव्वळ कंपन्यांचा धंदा, त्यांची सवय लागते, आजच बंद करा, चाला, योगा करा, आपल्या आजी-आजोबांना कुठे होतं असलं काही. मागच्या वर्षी हाच मेसेज वाचून माझ्या मावशीने सहा वर्षं चालू असलेली गोळी एका दिवसात सोडली, म्हणून या वेळी गप्प बसवत नाहीये.

आधी ते संशोधन. ते खरंच झालंय. जुलै २०२२ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला आणि म्हटलं की सेरोटोनिन हे मेंदूतलं केमिकल कमी पडल्याने डिप्रेशन येतं याला ठोस पुरावा मिळत नाही. "केमिकल इम्बॅलन्स झालाय" हे पेशंटला पटकन समजतं म्हणून वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, ते जरा जास्तच सोपं करून सांगितलं गेलं, हे मान्य करायलाच हवं. पण गोळ्यांनी फरक पडतो का हा त्या आढाव्याचा प्रश्नच नव्हता. शेक दिल्यावर पाठ मोकळी होते म्हणून पाठ काही शेक कमी पडल्याने धरलेली नसते.

फरक पडतो का हे वेगळं तपासलंय. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ५२२ चाचण्यांचा, म्हणजे एक लाख सोळा हजारांवर लोकांचा हिशोब आला, त्यात २१ च्या २१ औषधं औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली. फरक फार मोठा नाही, सगळ्यांना सारखा गुण येत नाही, पण "निव्वळ धंदा" म्हणावं असंही नाही.

आता सवय. दारू-तंबाखूची लागते तशी तलफ या गोळ्यांची लागत नाही, पण अचानक सोडल्या तर बऱ्याच जणांना त्रास होतो आणि नेमकं तेच मेसेजमध्ये नाही. मावशीला तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं, झोप उडाली, कुकरच्या शिट्टीने दचकून रडायला लागायची, आणि आम्ही सगळे समजतोय बीपी असेल. गोळ्यांची स्ट्रिप मिसळणाच्या डब्यामागे सापडली तेव्हा उलगडा झाला. २०२१ मध्ये ब्रिटनमधली एक चाचणी आली, बरं वाटत असलेल्या ४७८ जणांची, त्यात गोळी चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात आजार उलटला आणि हळूहळू बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना. म्हणजे कित्येक जण बंद करून नीट राहिले हेही खरं, पण ते डॉक्टरच्या नजरेखाली, ग्रुपवरचा मेसेज वाचून नाही.

चालायचं म्हणाल तर त्यात तथ्य आहेच, आणि इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. गोव्यात संगत संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत जवळपास ५०० पेशंटवर हेच करून पाहिलं. डॉक्टर नसलेली, तिथलीच साधी माणसं शिकवून तयार केली, ती ६ ते ८ बैठका घ्यायची, आणि बंद पडलेली रोजची कामं थोडी थोडी करून परत सुरू करायला लावायची. तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक आजारातून बाहेर होते, नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत ३९. पण अहो, तिथे माणूस समोर बसायचा! ज्याला अंथरुणातून उठून दात घासायचं होत नाही त्याला "चाला" असं टाइप करून पाठवणं म्हणजे ते नव्हे.

आणि आजी-आजोबा. त्यांच्या वेळी शब्द वेगळे होते एवढंच. "त्याने मनाला लावून घेतलं", "ती घुमी झाली", "बाहेरचं झालंय", आणि मग एक दिवस "विहीर जवळ केली". ही वाक्यं ऐकली नाहीत असं गाव दाखवा. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम चालला, सुरुवातीला डिप्रेशन असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण मदत घेत होते, गावातल्याच माणसांनी घरोघरी जाऊन बोलायला सुरुवात केल्यावर दीड वर्षात ते २७ झाले.

मावशी आता बरी आहे. डॉक्टरांनी डोस अगदी हळू कमी करायला घेतलाय, ती कॅलेंडरवर रोज फुली मारते. तुमच्या घरात कुणी असा मेसेज वाचून गोळी सोडली असेल तर आजच डॉक्टरला फोन करा, डॉक्टर भेटत नसेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.