विकिपीडियावर एक साल तपासणे

वाद पेटला की कुणीतरी फोन काढतं, विकिपीडियातलं साल वाचून दाखवतं आणि विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे बघतं. एवढ्यावर ज्यांचं समाधान होतं त्यांचा मला हेवा वाटतो. मला त्या पानाचा ‘इतिहास’, म्हणजे त्यात झालेल्या सगळ्या बदलांची यादी, उघडल्याशिवाय चैन पडत नाही, आणि तो उघडला की संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

इतिहासात प्रत्येक बदलापुढे कंसात आकडा असतो: किती बाइट वाढले, किती घटले. (−१२,०००) दिसलं की समजावं, कुणीतरी निम्मा लेख उडवून तिथे शिवी लिहिली आहे. असला उपद्रव मी मनावर घेत नाही. तो लगेच डोळ्यांत भरतो, आणि इंग्रजी विकिपीडियावर तर क्लूबॉट एनजी नावाचा बॉटच, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रामच, बऱ्याचदा काही क्षणांत उलटवून टाकतो. छुपा रुस्तम म्हणजे (०). १८६७ चं १८७६ केलं तर बाइट तेवढेच राहतात. बदल काय नि का केला हे लिहायचा सारांशाचा रकाना कोरा आणि वर ‘किरकोळ बदल’ अशी साळसूद खूण!

हा प्रताप कधीचा, हे शोधायला ५०० आवृत्त्या एकेक करून उघडू नका. मधली उघडा. तिथे जुनंच साल असेल तर भानगड नंतरची, नसेल तर आधीची. दर वेळी अर्धी यादी बाद होते आणि नवव्या खेपेला गुन्हेगार सापडतो. सापडतं म्हणजे काय, एक टोपणनाव. ते त्या दिवसानंतर पुन्हा फिरकलेलंच नसतं.

‘पण खाली संदर्भ दिलाय ना!’ म्हणणाऱ्यांना मी डिचोलीला पाठवतो. इंग्रजी विकिपीडियावर २००७ मध्ये पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यातल्या १६४०-४१ च्या ‘डिचोली संघर्षा’वर लांबलचक लेख आला. तळटीपा, ग्रंथ, सगळं शिस्तीत. ‘चांगला लेख’ हा दर्जाही मिळाला. १६४० मध्ये शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते. साम्राज्य कुठलं, अजून तोरणासुद्धा घ्यायचा होता! तरी हे युद्ध पाचेक वर्षं सुखाने नांदलं. मग कुणीतरी ते ग्रंथ शोधायला निघालं, तर ग्रंथच नाहीत. २०१२ च्या अखेरीस लेख उडाला. युद्ध झालंच नव्हतं.

संदर्भ खरा असूनही दगा देतो, ती तऱ्हा आणखी बेरकी. २००८ मध्ये एका विद्यार्थ्याने कोआटी या प्राण्याच्या लेखात ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असं मनचं टोपणनाव घुसडलं. वर्तमानपत्रांनी ते उचललं आणि मग तीच वर्तमानपत्रं लेखाखाली पुरावा म्हणून येऊन बसली. म्हणून वाक्य लेखात शिरलं ती तारीख आणि संदर्भ छापला गेला ती तारीख शेजारी ठेवायची. संदर्भ नंतरचा असेल तर त्याहून जुना हुडकायचा. दुवा मेलेला असेल तर वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये बघायचं.

कपाटातल्या विश्वकोशांच्या जाडजूड खंडांनी मात्र मिशा पिळू नयेत. २००५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेने विज्ञानाचे ४२ विषय घेऊन तुलना केली, तेव्हा विकिपीडियात लेखामागे साधारण चार चुका निघाल्या आणि ब्रिटानिकात तीन.

एवढं करून चुकीचं साल सापडलंच, तर सुधारणं अगदी सोपं आहे. ‘संपादन’ दाबा, दोन आकडे बदला, जतन करा. फक्त सारांशात पुस्तकाचं नाव आणि पान लिहायला विसरू नका, कारण इतिहासात तुमच्यापुढेही (०)च उमटणार आहे.