स्क्रू आवळून स्टेअरिंग सुधारत नाही!

स्टेअरिंग बॉक्सच्या झाकणावर आतल्या दातांची घट्टी ठरवणारा जो एक स्क्रू असतो ना, त्याला हात लावायची आमच्या बेळगाव भागातल्या मेस्त्र्यांना बंदी घातली पाहिजे. स्टेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे म्हटलं, आवळ स्क्रू. गाडी सरळ रस्त्यावर डावी-उजवी पळते म्हटलं, आवळ स्क्रू. खाली वाकून बघायचं नाव नको. लॉकनट सैल करायचा, स्क्रू फिरवायचा, परत नट आवळायचा आणि चिंधीनं हात पुसत "झालं बघा अक्का" म्हणून पैसे मागायचे.

परवा या स्क्रूपायी मी आणि आई ट्रकखाली जाता जाता वाचलो.

जीप जुनी आहे. चारी बाजूला स्प्रिंगचे पाटे, पुढचा अॅक्सल अखंड, फोर व्हील. जांबोटीच्या पलीकडं आमची काजूची बाग आहे, तिथं डांबर संपतं आणि दुसरी कुठली गाडी वर चढत नाही. साठच्या पुढं गेलं की जीप रस्त्यावर भटकायला लागायची, म्हणून गॅरेजला दिली. दुपारी दिली, संध्याकाळी मिळाली. उभ्या गाडीत स्टेअरिंग हलवून बघितलं तर प्ले गेलेला. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन निघाले. पिरनवाडी गेली, किणये गेलं, स्टेअरिंग जड वाटत होतं. जांबोटीच्या अलीकडं एका वळणावर वळवलं, वळण संपलं, हात सैल केला, तर स्टेअरिंग वळलेलंच! परत येईचना. समोरून चिऱ्यांनी भरलेला ट्रक. दोन्ही हातांनी, सगळं अंग मागं टाकून ओढलं तेव्हा कुठं सरळ झालं. गाडी साइडपट्टीवरून खाली उतरली होती, आणि त्या साइडपट्टीला पावसानं पाडलेली घळ तशीच आहे, ती कुणी भरलेली नाही. आई पुढचा दांडा धरून "थांबव, थांबव" ओरडत होती. बागेत पोचेपर्यंत मग ती एक शब्द बोलली नाही.

संध्याकाळी तशीच हळूहळू गाडी आणून गॅरेजच्या दारात उभी केली.

"प्ले काढा म्हणून तुमीच सांगितलासा की. काढला की आता."

"स्टेअरिंग परत फिरत नाही. ट्रकखाली गेलो असतो आम्ही."

"जुनी गाडी हाय अक्का, एवढं असतंयच. खरं तुमी असं करा, दादांना पाठवून द्या. त्यांना सांगतो समजावून."

दादांना! माझा भाऊ बँकेत नोकरी करतो. या जीपचा जॅक कुठं लावायचा हेसुद्धा त्याला सांगावं लागतं. गाडी माझ्या नावावर, चालवते मी, ग्रीस मारते मी, पाट्याचा मधला बोल्ट तुटला तेव्हा चिखलात झोपून बदलला मी. आणि समजावून कुणाला सांगणार, तर दादांना. पैसे घेताना दादा लागले नाहीत. पैसे माझ्याच हातचे चालले.

वर म्हणतो, नवीन बॉक्सच टाकूया. अरे, बॉक्स उघडून तरी बघितलास का? आतले दात सरळ रस्त्यावर चालून चालून मधोमध झिजतात, कडेला तसे नव्यासारखे राहतात. मधला प्ले शून्य होईपर्यंत स्क्रू पिळलास तर वळणावर दात आवळून धरणारच. आधी वर्मची, म्हणजे आतल्या पेचदार दांड्याची, बेअरिंग बघायची, मग चाकं सरळ ठेवून स्क्रूला हात, तोही थोडा थोडा, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून कुठं अडतंय का बघत बघत. आणि हे सगळं शेवटी. बाकीचं सगळं तपासून झाल्यावर, अगदी शेवटी!

बाकीचं तपासायला काय लागतं? दोन माणसं. एकानं वर बसून स्टेअरिंग थोडं डावं, थोडं उजवं करत राहायचं; दुसऱ्यानं खाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. मी अंगणात भाच्याला वर बसवलं आणि खाली शिरले. ड्रॅग लिंकचा, म्हणजे बॉक्सकडून चाकाकडं जाणाऱ्या दांड्याचा, एंड हाताला टकटक लागत होता. बॉक्स ज्या बोल्टांनी चॅसिसला धरलाय ते बोल्टच ढिले, अख्खा बॉक्स दर वेळी हलत होता. म्हणजे स्क्रू आवळणाऱ्यानं हलणाऱ्या बॉक्सवर पाना लावला आणि त्याच्या हाताला ते कळलं नाही! शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक धरणाऱ्या कड्यांचे, बुश फुटून त्यांचा भुगा झालेला. मग पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं, तर वाजतंय. भाच्याला ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि परत हलवलं, तरी वाजतंय. म्हणजे चाकाची बेअरिंग नव्हे, किंगपिन, ज्याच्यावर चाक डावं-उजवं वळतं ती खीळ. एवढं कळायला चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागला. गॅरेजमध्ये गाडी अर्धा दिवस होती.

आणि हे एकटे नाहीत. त्याआधी अलाइनमेंटवाल्याकडं गेले होते. काचेची केबिन, स्क्रीन, चाकांना लावायच्या चकत्या, सगळा थाट. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडचे एंड हलत असताना घेतलेलं माप कशाचं माप? त्यानं टाय रॉड फिरवून टो-इन, म्हणजे चाकांची तोंडं किती आत वळलीत ते, बसवलं, हिरवे आकडे छापलेला कागद दिला, पैसे घेतले. कॅस्टरचं, म्हणजे किंगपिनच्या मागच्या कलाचं, काय म्हणून विचारलं तर म्हणाला, "या गाडीला ते अॅडजस्ट होत नाही." होतं! नट फिरवून होत नसेल, पाटा आणि अॅक्सलच्या मध्ये पाचर घालून होतं. पाटे बसले, शॅकल लांब केले, कुणी गाडी उंच केली की किंगपिनचा मागचा कल बिघडतो, आणि कल कमी झाला की चाकं आपोआप सरळ होत नाहीत, गाडी भटकते. अखंड अॅक्सलच्या गाडीला हीच तर मुख्य गोष्ट. कागदावर कॅस्टरचा आकडा लाल छापलेला होता आणि तो माणूस त्याच्यावर बोट ठेवून "हे सोडून द्या" म्हणत होता.

टायरवाला तर न विचारता हवा ठासतो. "लोडची गाडी हाय की." रिकामी जीप, पुढं मोठ्या नक्षीचे टायर, आणि दगडासारखी हवा. डांबरावर गाडी नाचणार नाही तर काय करणार?

दुसऱ्या एका शहाण्यानं स्टेअरिंग डॅम्पर बसवून दिला होता. खड्ड्यातून गेलं की पुढची चाकं थरथरायची, स्टेअरिंग हातातून सुटेल अशी हिसडे मारायची, ते बंद झालं. बंद झालं म्हणजे दिसायचं बंद झालं. ढिले सांधे ढिलेच राहिले, आतल्या आत झिजत राहिले, आणि आज किंगपिनपर्यंत आलंय. डॅम्पर विकून पैसे मिळतात, ढिला बोल्ट आवळून मिळत नाहीत, एवढंच त्यामागचं कारण.

ग्रीसचं तर विचारूच नका. सर्व्हिसिंगच्या बिलात "ग्रीसिंग" लिहिलेलं असतं. निपलवरचा, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडावरचा, चिखल पुसलेलासुद्धा नसतो. तीन निपलना मारतात, जे उभ्यानं दिसतात त्यांना.

डोकं फिरतं ते यामुळं की हे सगळं बेळगावात चाललंय. उद्यमबागेत रांगेनं फाउंड्र्या आहेत, लेथवर केसाएवढ्या मापात काम करणारी माणसं आहेत. हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनतात. विमानाचे! आणि त्याच जिल्ह्यात मला किंगपिनच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, मापानं बसवून देणारा माणूस मिळत नाही. शिम घालायच्या, टोपी आवळायची, स्प्रिंगचा काटा लावून नकल, म्हणजे चाक धरणारा वळता सांधा, ओढायचं आणि किती ताणावर फिरतं ते वाचायचं. बास. स्प्रिंगचा काटा गल्लोगल्ली फिरणाऱ्या भंगारवाल्याकडं असतो, गॅरेजमध्ये नसतो. तिथं अंदाज असतो. "हाताला बरोबर लागतंय की."

स्पेअरचं रडगाणं वेगळंच. इथं दुकानात टाय रॉड एंड मागितला तर ग्रीसचा निपलच नसलेला, रबराचा बूट हाताला कडक लागणारा माल "ओरिजिनल हाय" म्हणून समोर टाकतात. म्हणून कोल्हापुरातून मागवायचा. ओळखीचा माणूस बसमध्ये पार्सल ठेवतो. आणि नेमकं तेव्हाच महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर कुठंतरी ठिणगी पडते, कोगनोळी नाक्यापुढं बस येत नाहीत, आणि माझे बुश पलीकडं पडून राहतात. १९५६ पासून जो सीमावाद भिजत पडलाय त्याचा चटका शेवटी कुणाला बसतो, तर रोज इकडून तिकडं जायचं असतं त्यांना.

रस्त्याबद्दल लिहायला लागले तर रात्र पुरणार नाही. कणकुंबी, आमगावचा पाऊस काय असतो हे साऱ्या खानापूर तालुक्याला ठाऊक आहे, तरी खड्ड्यात तांबडी माती आणि खडी टाकून जायचं, पहिल्या सरीला ती वाहून जाते. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन आलं की ते भरतं त्या हलग्याच्या बाजूला रातोरात डांबर पडतं. जांबोटीला कधी अधिवेशन भरणार नाही. आणि ऊस सुरू झाला की संकेश्वर, चिकोडी, निपाणीकडं रात्री गाडी घालायची सोय नाही. दोन-दोन ट्रेलर, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंना लोंबलेला. अशा ट्रॉलीच्या शेजारून भटकणारं स्टेअरिंग घेऊन ओव्हरटेक करताना काय होतं ते ज्यानं केलंय त्यालाच विचारा.

तरीही सगळा राग त्या "एवढं असतंयच" वर आहे. नसतं! जुन्या गाडीला एवढं नसतं. या जातीच्या जीप पन्नास-पन्नास वर्षं डोंगरात चालल्यात, एका हातानं चालवाव्यात अशा सरळ चालल्यात. कारण कुणीतरी त्यांचे सांधे बघत होतं, बुश बदलत होतं, स्प्लिट पिन नवीन घालत होतं. गाडी जुनी म्हणून भटकत नाही, तिच्याकडं बघितलं नाही म्हणून भटकते. गाडीतल्या माणसाचा जीव त्या दोन एंडांवर आणि चार बोल्टांवर असतो, आणि "असतंयच" म्हणणारा माणूस त्या जिवाचा भाव ठरवत असतो.

स्क्रू मी परत सैल करून ठेवलाय. बॉक्सचे बोल्ट आवळलेत, एका भोकाजवळ चॅसिसला बारीक चीर दिसली ती वेल्डिंगवाल्याला दाखवून प्लेट मारून घेतली, त्यानं मात्र मन लावून काम केलं. एंड आणि बुश आणलेत. राहिलंय किंगपिनचं काम आणि पाचर. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, कुठंही असो, काटा लावून शिम बसवणारा आणि गाडी ज्याची तिच्याशीच बोलणारा मेस्त्री कुणाला माहीत असेल तर सांगा. मृग लागायच्या आत पाहिजे. त्यानंतर बागेची वाट नुसती चिखलाची होते, आणि खत तर वर न्यावंच लागतं.