लातूर ते लक्षद्वीप, व्हाया पोलिस ठाणं

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र शिवत नाही, त्यामुळं आमच्याकडं बीच म्हणजे गोवा, फार तर अलिबाग, विषय संपला. पण जानेवारी २०२४ ला पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले, ते निळ्याशार पाण्याचे फोटो प्रत्येक ग्रुपवर फिरले आणि बायकोनं जाहीर करून टाकलं की आता जायचं तर तिकडंच. आत्या म्हणाली, मी पण येते, मला एकदा समुद्र बघायचाय. झालं!

आता कागदावर हे लई सोपंय. कोचीहून विमान, नाहीतर कोचीहून जहाज. विमान अगत्ती बेटावर उतरतं, तिथली धावपट्टी जेमतेम बाराशे मीटरची म्हणून छोटी एटीआर विमानंच जातात, सीटा कमी, आणि तिकिटाचे आकडे बघून मी शांतपणे लॅपटॉप बंद केला. जहाजाला बेटाप्रमाणं १४ ते २० तास लागतात. खरा प्रश्न लातूर सोडायचा आहे, कारण तुम्ही कुठंतरी निघालात हे कळलं की इथं प्रत्येकाला रूट सुचतो. गुरुजी म्हणाले सोलापूर गाठ, तिथनं कन्याकुमारीची गाडी धर. मेव्हणा म्हणाला खुळा का काय, हैदराबादला जा आणि सिकंदराबादहून शबरी एक्सप्रेस पकड. दोघांचं माझ्याच ओट्यावर, माझाच चहा पीत भांडण झालं आणि अजून दोघं एकमेकाला बोलत नाहीत. टपरीवाला, ज्यानं औशाच्या पुढचं जग बघितलेलं नाही, तो म्हणला मुंबईहून डायरेक्ट बोट असंल की, चौकशी तर करा.

मित्रमंडळी सुरुवातीला जोरात होती, ट्रॅव्हलर बुक करायची भाषा चालली होती. मग कुणीतरी वाचून काढलं की तिथं दारूबंदी आहे, फक्त बंगाराम बेटाला सूट. एकाच्या साल्याचं लग्न निघालं, एकाचा सोयाबीनचा हिशोब राहिला, एकजण बंगारामला किती पडतात एवढंच विचारून गप झाला.

मग परमिट. लक्षद्वीपला आपल्याच देशातल्या माणसालाही परवानगी काढल्याशिवाय जाता येत नाही, १९६७ पासूनचा नियम आहे, आणि बरोबरच आहे म्हणा, सगळी बेटं मिळून ३२ चौरस किलोमीटर, वस्ती असलेली फक्त १०, आपली जत्रा तिकडं गेली तर चेंगरून बुडतील बिचारी. पण एजंटानं अर्जासोबत पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला आणि माझ्या पोटात गोळा आला.

ठाण्यातल्या साहेबांनी अर्ज उलटापालटा करून बघितला. "नोकरी लागली का?"

"नाही साहेब, फिरायला जायचंय."

"फिरायला चारित्र्य कामून लागतंय? महाबळेश्वरला लागतंय का?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. वर आत्याचा अर्ज बघून त्यांनी विचारलं, हिच्यावर काही गुन्हा? आत्या बाहेर बाकावरून ओरडली, माझ्या सासूला विचारा, पण ती वारली. मग चौकशीला एक शिपाई घरी आला आणि गल्लीत बातमी गेली की ह्यांच्यात वाटणीचं काहीतरी पेटलंय. दोन भाऊबंद तर सल्ला द्यायला येऊन बसले, जेवूनच उठले.

तारखेचाही घोळच. आमच्या डोक्यात होतं जूनमध्ये जाऊ, लेकरांना सुट्टी. एजंट म्हणला पावसाळ्यात समुद्र खवळतो, बोटींचा भरोसा नाही. आम्ही इकडं जूनभर आभाळाकडं बघत बसतो, तो पाऊस तिकडं पोरांच्या ट्रिपा मोडतोय हे ऐकून मेव्हण्याला मनापासून राग आला. शेवटी दिवाळीनंतरचं ठरलं.

रेल्वेचं सांगण्यासारखं काही नाही, धपाटे आणि शेंगाची चटणी सिकंदराबादच्या पुढं थोड्याच वेळात संपली. जहाजाचं मात्र सांगतो. किनारा दिसेनासा होईस्तोवर मी डेकवर फोटो काढत हिरो होतो, नंतर बंकवर आडवा पडून देवाला नवस बोलत होतो, आणि आत्या समोरच्या मल्याळी बाईबरोबर, एकमेकींचा एक शब्द कळत नसताना, सुनांविषयी बोलत होती.

सकाळी अगत्ती दिसलं. पण प्रवाळाच्या कड्याच्या आतलं पाणी, म्हणजे लगून, उथळ, म्हणून मोठं जहाज बाहेर खोल पाण्यातच थांबलं आणि आम्हाला हलत्या छोट्या बोटीत उतरवायला लागले. खलाशी हात पुढं करून काहीतरी ओरडत होता, बहुतेक उडी मार म्हणत असावा. मी मागं सरकलो. आत्यानं पदर खोचला, पिशवी त्याच्याकडं फेकली आणि एसटीत चढावं तशी घुसली, खिडकीकडची जागाही धरली.

बीचवर आत्यानं पहिल्यांदा ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून दिलं. "शीः! एवढं पाणी, अन् प्यायला काय करतेत ही माणसं?" गाईडनं हिंदीत समजावलं की समुद्राचंच पाणी गोड करायचा प्लांट आहे, कवरत्ती बेटावर २००५ मध्ये पहिला झाला, दिवसाला लाखभर लिटर, मग इथं अगत्तीलाही झाला.

आत्याचे डोळे चमकले. "मंग हे मशीन आपल्या लातूरला कामून नाही?"

"आत्या, लातूरला समुद्र कुठंय?"

"२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं का नाही? तसाच आणायचा. तू त्याला विचार तर, किती डब्यात बसतोय."

गाईड माझ्याकडं बघत होता, मॅडम क्या बोल रही है म्हणून.