समुद्राच्या काठी इकतचं पाणी

परवा बडनेऱ्याहून गावाकडे येणाऱ्या यष्टीत माझी अब्रू गेली. वीस रुपयांत गेली.

मुंबई पाहून परत येत होतो. मी, बायको आणि पाचवीतला पोरगा, दोन दिवस. मुक्काम साळ्याच्या डोंबिवलीतल्या खोलीवर. रेल्वेचं भाडं सोडलं तर हिंडणं-खाणं मिळून तिघांचे तेराशे चाळीस रुपये लागले. हा आकडा मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. खरं सांगतो, कोणीतरी विचारावं म्हणून जीव नुसता तडफडत होता.

विचारलं ते पलीकडच्या सीटवरच्या आबाजींनी. पांढरं धोतर, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, वय पंच्याहत्तरच्या वर. म्हणजे 2022 पासून यष्टीत तिकीट माफ. बायकोला बाई म्हणून अर्धं, पोराला पोरगा म्हणून अर्धं. त्या दोन बाकड्यांवर पूर्ण तिकीट काढणारा मी एकटा. सरकारला माझ्या वयाच्या धडधाकट माणसाबद्दल काय राग आहे, कळत नाही. बरं, ते असो.

"मुंबईले गेलता म्हन्ते बाबू?"

"हाव आबाजी."

"किती लागले?"

मी सुरू केलं. सीएसएमटीची इमारत, 1887 सालची, जागतिक वारसा, मान वर करून पाहायला पैसे नाहीत. तिथून पायीपायी हुतात्मा चौक, राजाबाई टॉवर, एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या, गेटवे. सगळं चालण्याच्या अंतरावर, सगळं फुकट. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून घरच्या दशम्या अन् तिळाची चटणी. इराण्याकडं बन-मस्का एक, चहा दोन, माणसं तीन. दुपारी वडापाव.

"घारापुरी?"

"सोमवार होता. सोमवारी लेणी बंद राह्यते."

बायकोसमोर मी तिथं बरंच हळहळलो होतो. पण लाँचचं भाडं वाचल्याचा आनंद तिला माझ्या पाठीवरूनही दिसला असावा.

आबाजी मान डोलवत होते. मागच्या सीटवरची बाई "बरं केलं भौ, सस्त्यात झालं" म्हणाली. मी फुगलो. तेवढ्यात आबाजींनी खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

"मंग पानी कुठचं पेले?"

"घरून नेलं होतं. संपलं. मंग गेटवेपाशी एक बाटली घेतली."

"इकत?"

"वीस रुपयाची."

यष्टी एका खड्ड्यातून गेली, तेवढाच आवाज झाला.

"अगा बाप्पा!" आबाजी उठून उभेच राहिले. "समुद्राच्या काठी बसून यानं पानी इकत घेतलं!"

"आबाजी, ते खारं असते."

"खारं असते हे मले सांगतं? म्या पेऊन पाह्यलं हाये! पंच्यान्नव साली!"

मग कळलं की आबाजी तेव्हा कापसाच्या भावासाठी मोर्चात मुंबईला गेले होते. जायचं-यायचं भाडं पुढाऱ्यानं भरलं. त्या वेळी रुपयात झुणका-भाकर मिळायची, ती तीन दिवस खाल्ली. रात्री ठेसनावर झोपले. एकूण खर्च सव्वीस रुपये, आणि त्यातले पाच चौपाटीवर कमरेतून पडले ते वाळूत गेले. "थे खर्चात नाई धरत. थे देवाचे."

सव्वीस वजा पाच, एकवीस! मी तेराशे चाळीसवाला माणूस तिथल्या तिथं उधळ्या ठरलो. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. कंडक्टरनं, ज्याच्या हातावर मी नुकतेच पूर्ण तिकिटाचे पैसे ठेवले होते, "ठेसनावर नळ राह्यते ना पन" अशी भर घातली. बायको म्हणाली, "म्या म्हटलं होतं, भरून घ्या." ती तसं म्हणाली होती. पण ते भर यष्टीत सांगायची गरज होती का?

आता राग कशाचा आहे तो सांगतो. याच आबाजींच्या नातवाच्या लग्नात थंड पाण्याच्या कॅन मी स्वतः खांद्यावर उतरवल्या आहेत. त्या कॅन काय वरुणराजानं पाठवल्या होत्या? एप्रिल लागला की आमच्या गावात माणसं टँकरच्या मागं पळतात. हंड्यांची रांग पहाटे चारला लागते. पण बाटली म्हटली की माज.

दुसरं म्हणजे, मुंबईत मी फुकट पाहिलं असं म्हणतात, ते मला पटत नाही. राजाबाई टॉवर 1878 साली पूर्ण झाला, तो प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या दोन लाखांतून, त्यांच्या आईच्या नावानं. त्यांचा पैसा कापसाचा. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्यात आपल्या वऱ्हाडाचाही कापूस होता. टॉवरखाली उभं राहून मी पोराला म्हटलं, यातला एखादा दगड तुझ्या खापरपणजोबाचा असेल. त्यानं विचारलं, "मंग आपल्याले काय भेटलं?" मी त्याला वडापाव घेऊन दिला.

आणि फोर्टातल्या एका हॉटेलाच्या काचेवर 'गावरान थाळी' लिहिलेली पाहिली. झुणका, ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा. साडेतीनशे रुपये. ज्वारी आमची, हरभरा आमचा, ठेचा तर बायको रोज कुटते आणि मला उलट बोलून वाढते. आत नाही गेलो. काचेतून पाहिली अन् निघालो. आबाजींना हे सांगितलं असतं तर त्यांनी काचेतून पाहण्याचेही पैसे विचारले असते.

आमचा फाटा यायच्या थोडं आधी आबाजींना खर्ऱ्याचा जोरदार ठसका लागला. डोळे पांढरे झाले.

"पानी... पानी हाये काय बाबू?"

मी पिशवीतून बाटली काढली. तीच. बडनेऱ्याला नळावर भरलेली. त्यांनी तोंड लावून अर्धी संपवली, उरलेलं खिडकीबाहेर चूळ भरण्यात घालवलं आणि झाकण लावून बाटली आपल्या थैलीत टाकली.

मी हात पुढं केला तसाच राहिला.

"रिकामी कायले नेतं घरी?" आबाजी म्हणाले. "वावरात कामी येते."

आणि फाट्यावर माझ्या आधी उतरून गेले.